धडकीची पुडी

फुलसावंगीच्या पुंडलिकरावांना कोणी वैद्य म्हटलं की ते ताडकन म्हणायचे, "म्या कायचा वैद्य? वीस एकराचा कास्तकार हाओ." पण चेहरा खुललेला दिसायचा. दर शनिवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर माणसं बसत. कोणाला झोप नाही, कोणाचा जीव उगाच वरखाली होतो, कोणाच्या छातीत धडधड. पुंडलिकराव नाडी पाहत नसत. समोरच्याच्या तोंडाकडे पाहायचे आणि आतून कागदाची पुडी आणून द्यायचे. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर, गरम दुधातून.

ही धडकीची पुडी त्यांना वडिलांकडून मिळाली होती आणि तिच्याबरोबर नियमही. मूळ उपटायच्या आदल्या संध्याकाळी झाडापाशी हळद-तांदूळ ठेवून निमंत्रण द्यायचं, 'उद्या येतो'. आणायला एकट्यानं जायचं. पैसा सोडा, नारळसुद्धा घ्यायचा नाही. देणाऱ्याच्या घरात कोणी ती खायची नाही. आणि नाव सांगायचं नाही, घरच्यांनाही नाही. नाव फुटलं की गुण गेला. चाळीस वर्षं पुंडलिकरावांनी हे पाळलं. बाकी कोणतीही गोष्ट त्यांच्या पोटात संध्याकाळपर्यंत टिकत नसे, पण ही टिकली.

त्या वर्षी ओसरी पुरेना. कपाशीवर बोंडअळी आलेली, सगळं शिवार फवारत होतं. घरोघरी माणसं एका जागी दहा मिनिटं बसत नव्हती. उठ, शेतात जा, बोंड फोडून पाहा, परत ये, पुन्हा जा. पुंडलिकरावांचंही तेच. फरक एवढाच की ते लोकांना 'बैस, शांत राह्य' असं सांगायचे आणि स्वतः उभ्यानं सांगायचे.

दोन शनिवारांपूर्वी नीळकंठ आला होता. तालुक्याच्या कचेरीतला कारकून, पस्तिशीचा, स्वच्छ शर्टाचा, सोबत बायको शीला. नीळकंठचं काम विचित्र. ज्यांनी विष घेऊन जीव दिला त्यांच्या चौकशीचे कागद टाइप करायचे. वय, गाव, मागे कोण. वर्षभर तेच करून त्याची बोटं टेबलावर नुसतीच वाजायला लागली होती. घरी जेवताना ताटावरही वाजायची.

"काका, यात काय असतं?" शीलानं पुडी हातात घेत विचारलं होतं.

"खाणाऱ्यानं विचाराचं नसते बाई. डाक्टरले बी सांगाचं नाही. सांगतलं तं गुण जाते."

तिनं मान डोलावली होती. मुकाट ऐकणारी माणसं पुंडलिकरावांना फार आवडत.

मंगळवारी सकाळी जीपवाला खेमसिंग ओसरीसमोर थांबला. पुंडलिकरावांच्या पत्नी विजयमालाबाई खांबाला टेकून सुईत दोरा ओवत होत्या. तीनदा चुकला. "डोळ्यापुढं धुक्यावानी धुवारी येऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "वय झालं तुयं," असं म्हणून पुंडलिकराव खेमसिंगकडे वळले.

"तुमच्याकडे आलता ना तो कारकून," खेमसिंग म्हणाला, "काल दवाखान्यात नेला. इख घेतलं म्हनते."

पुंडलिकरावांना पहिल्यांदा काय वाटलं ते सांगायलाच हवं. त्यांना हायसं वाटलं. लोक विष म्हणतायत, पुडी म्हणत नाहीत. मग त्या हायसं वाटण्याचीच त्यांना लाज वाटली. ते उठले, टोपी घातली, काढली, पुन्हा घातली आणि खेमसिंगच्या जीपमध्ये जाऊन बसले. वाटेत तीनदा त्याला म्हणाले, "जरा हाणनं गाडी."

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात फवारणीनं बाधलेली माणसं खालीसुद्धा झोपवली होती. शीला एका बाकाच्या टोकावर बसली होती. रडून झालं होतं, आता नुसतं पाहत होती.

"डॉक्टर म्हणतात, फवारणीचंच विष आहे," ती म्हणाली. "घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मला विचारलं, फवारणी केली का यांनी? काका, यांनी जन्मात पंप हातात धरलेला नाही. मग म्हणतात, स्वतःहूनच घेतलं असणार. तसंच लिहावं लागेल. पोलीस येऊन गेले."

"जिवाले धोका?"

"तो टळला म्हणतात. पण मी काय समजू? हे शपथेवर सांगतात, मी काही घेतलं नाही. आमच्या आभाच्या डोक्यावर हात ठेवून सांगतात. सहा वर्षांची आहे ती. आणि मी सगळं घर धुंडाळलं, गाद्यांखालीसुद्धा. माझ्याच माणसावर माझा विश्वास बसत नाहीये." ती थांबली. "तुमच्या पुडीचं मी बोलले नाही. तुम्ही नको म्हणाला होतात. धडधड थांबत नव्हती म्हणून मी चिमटीऐवजी चमचा द्यायला लागले होते, दिवसातून चारदा. त्यानं तर काही...?"

वऱ्हांड्यात कोणीतरी ओकत होतं. पुंडलिकरावांनी आपल्या चपलांकडे पाहिलं.

"पुडीनं असं होत नाही," ते म्हणाले. "चाळीस साल देऊन राह्यलो."

आणि ते निघाले. पळाले म्हटलं तरी चालेल.

घरी जेवण गेलं नाही. विजयमालाबाईंनी भाकर पुढे केली ती तशीच राहिली. पुडीतल्या दोन्ही वस्तू त्यांनी मनात पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. मूळ टेकडीवरचं, तिथं कोणाचं पीक नाही. दुसरी वस्तू स्वतःच्या शेतातली, बांधावरच्या वारुळावरची. श्रावणात पाऊस पडून ऊन पडलं की तिथं पांढरे टेकोडे उगवत. लोक भाजी करतात त्याच अळंबीच्या छत्र्या, पण पुंडलिकराव त्या वाळवून कुटत. आदल्या संध्याकाळी तांदूळ ठेवले होते, पहाटे एकट्यानं आणले होते. सगळं नियमानं केलं होतं. तरी पाय थांबेनात. ऊन कलल्यावर ते शेतात गेले.

वारुळापाशी नयन उभा होता. त्यांचा मुलगा. पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवून तो वारुळाच्या तोंडात उपडा करत होता. उरलेलं पांढरट पाणी गुडगुड करत आत जात होतं.

"काय करून राह्यला?"

"काय म्हणजे? उरलेलं वतून राह्यलो. नाल्यात वतलं तं ढोरं मरतीन, विहिरीकडं वतलं तं आपन मरू. वारुळापाशी ना ढोर येते ना मानूस. म्हनून इथंच वततो."

"कदीपासून?"

"फवारे सुरू झाले तवापासून. श्रावनातला पयला फवारा बी इथंच वतला. तुमी तांदूळ ठेवाले आलते ना, त्याच दिवशी दुपारी."

पुंडलिकराव वाकले. वारुळाच्या मातीवर मेलेल्या वाळवीचा पांढरा चुरा पसरला होता. त्या संध्याकाळी त्यांना वास आला नव्हता असं नाही. पण त्या वर्षी सगळ्या शिवारालाच तो वास होता.

"टेकोडे," ते म्हणाले. पोटच्या पोरासमोर हा शब्द त्यांनी या कामासाठी पहिल्यांदा उच्चारला. "पुडीत इथले टेकोडे असते बाप्पा. दुसऱ्या दिवशीच्या पहाटंचे."

नयनच्या हातातून पंप सुटला. तो म्हणाला, "मले काय मालूम? मले वाटे, तुमी नागोबाले तांदूळ ठेवता. एक डाव सांगतलं असतं तं थेंब वतला नसता म्या. तुमी सांगतलं का कदी?"

पुंडलिकरावांना राग आला. तो राग आधी मुलावर गेला, मग वडिलांवर, आणि कुठंच टिकेना तेव्हा आपल्यापाशी परत आला. "गाडी काढ," ते म्हणाले.

दिवेलागणीच्या आत ते दवाखान्यात पोचले. डॉक्टर नीळकंठच्या खाटेपाशीच होते, शीला उशाशी. पुंडलिकराव सगळ्यांसमोर बोलले, कारण हळू बोललो तर मधेच कच खाऊ याची त्यांना खात्री होती.

"यानं इख घेतलं नाही. म्या देल्लं. पुडीत ढोरगुंजाचं मूळ हाये, लोकं अश्वगंधा म्हंते थे. आन् वारुळावरचे टेकोडे. त्या वारुळात फवाऱ्याचं पानी पडलं होतं. लिहा तुमी. दोनी नावं लिहा."

डॉक्टरांनी उरलेली पुडी मागितली. शीलानं पर्समधून काढून दिली. "तपासायला पाठवतो," डॉक्टर म्हणाले, "पण हे जुळतंय. आणखी किती जणांकडे आहेत या पुड्या?"

पुंडलिकरावांना आकडा सांगता येईना. पैसा घ्यायचा नाही म्हणून वहीही कधी ठेवली नव्हती.

नीळकंठनं डोळे उघडले होते. तो बायकोकडे पाहून म्हणाला, "सांगत होतो ना." शीलानं त्याचा हात घट्ट धरला. मग ती पुंडलिकरावांकडे वळली.

"सकाळी मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"दिवसभर मी यांच्याशी नीट बोलले नाही काका. यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं मला."

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर पुंडलिकरावांना बरं वाटलं असतं.

परतताना नयननं गाडी थेट देवळापाशी थांबवली. कोणाची म्हैस हरवली तरी ज्यावरून गावाला कळतं, त्या भोंग्यावरून पुंडलिकराव बोलले. पुडीत काय आहे, ते कुठून आणलं, त्यात काय मिसळलं. कोणी खाऊ नका, असतील तेवढ्या आणून द्या, कोणाला घाम-उलटी असेल तर डॉक्टरला नाव सांगा. नावं त्यांनी तीनदा घेतली. वडिलांनी कानात सांगितलेली नावं कडुनिंबावरून, कौलांवरून, सगळ्या गावावरून गेली. गुण जाताना काहीतरी जाणवेल असं त्यांना वाटलं होतं. नुसता घसा कोरडा पडला.

ते घरी पोचेपर्यंत ओसरीवर पुड्या जमायला लागल्या होत्या. सत्यभामानं दोन आणल्या, उत्तमसिंगच्या घरून एक आली. पुंडलिकराव उभ्यानंच मोजत होते. अकरा झाल्या. तेवढ्यात आतून विजयमालाबाई आल्या, पदरात गुंडाळलेली एक पुडी काढली आणि बाकीच्यांशेजारी ठेवली. अर्धी संपलेली होती.

"हे कोनाची?"

"माही."

"तुले काहून पाह्यजे होती?"

"मले धडकी भरत नाही का?" त्या म्हणाल्या. "नयन रोज पंप घेऊन जाते, संध्याकाळी घरी येईपर्यंत माहा जीव थाऱ्यावर राहत नाही. घरच्यानं खाऊ नये म्हनता तुमी. म्हनून नाही सांगतलं. तुमच्याच डब्यातून घेऊन राह्यली, पोळ्यापासून."

"चिमूट का चमचा?"

"चिमूट."

पुंडलिकरावांना सकाळची सुई आठवली. त्यांनी बाईचा हात धरून तिला दिव्याखाली ओढलं. तीस वर्षांत त्यांनी तिला असं कोणासमोर धरलं नव्हतं. हनुवटी वर केली आणि डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या इतक्या बारीक झाल्या होत्या की त्यांना शोधाव्या लागल्या.

"नयन, गाडी बंद करू नोको," ते ओरडले.

दवाखान्यात तेच डॉक्टर होते. पुंडलिकराव दारातूनच बोलत आत गेले. काय खाल्लं, केव्हापासून, किती, कोणत्या वारुळावरचं. कोणी विचारायची वाट त्यांनी पाहिली नाही.