केसांकडे जाणारा हात

तिला घरीदारी सगळे ‘हिरॉईन’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे म्हणणाऱ्यावर ठरायचं. पंचवीस वर्षांपूर्वी ती एका सौंदर्यस्पर्धेत दुसरी उपविजेती झाली होती, म्हणजे सरळ मोजलं तर तिसरी. त्याआधी दहा वर्षं नाच शिकली होती आणि त्यानंतर तिला तीन चित्रपट मिळाले. दोन चित्रपटांत ती नायिकेच्या मागे नाचली. तिसऱ्यात नाचलीच, पण वर चक्क एक संवादही होता. ती दार उघडून म्हणते, ‘साहेब घरी नाहीत,’ आणि दार लावून घेते. तिच्या चित्रपटसृष्टीचं दारही तिथेच लागलं.

आता शेहेचाळिसाव्या वर्षी तिने त्वचेच्या निगेचा वर्षभराचा अभ्यासक्रम पुरा केला होता. लेखी परीक्षेत पहिली आली. प्रात्यक्षिकात मात्र सपशेल आपटली, आणि तेही येत नव्हतं म्हणून नव्हे. नियम असा होता, की एकदा हात धुतले की ते स्वतःच्या केसांना किंवा चेहऱ्याला लावायचे नाहीत. लागले तर पुन्हा धुवायचे आणि तिसऱ्यांदा लागले की नापास. आता हिचं असं, की कुणी कागद-पेन घेऊन समोर उभं राहिलं की मान आपोआप ताठ व्हायची, ओठांवर हसू यायचं आणि उजवा हात कपाळावरची बट मागे सारायला निघायचा. परीक्षकांपुढे उभं राहायचं ते दिसण्यासाठी, हेच विशीत अंगात मुरवलेलं. जित्याची खोड. केस जाळीत करकचून बांधले तरी हात जायचाच.

फेरपरीक्षेची ही संधी शेवटची होती. हुकली तर सगळं वर्ष पहिल्यापासून, आणि ज्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या दवाखान्यात तिच्यासाठी जागा अडवून ठेवली होती, त्या काही वर्षभर थांबणार नव्हत्या. तिने घरी सराव केला. नवऱ्याला परीक्षक म्हणून उभं केलं, तर त्याला पाहून तिचा हात जागचा हलेना. वीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापुढे कोण केस सारखे करतं?

परीक्षेच्या सकाळी, जिच्या चेहऱ्यावर ती काम करून दाखवणार होती त्या शेजारणीच्या अंगावर पित्त उठलं. ऐनवेळी दुसरा चेहरा आणायचा कुठून? अडला हरी, गाढवाचे पाय धरी. ती वरच्या मजल्यावर नणंदेकडे गेली.

नणंद गणिताची शिक्षिका, नुकतीच निवृत्त झालेली. चेहऱ्याला साबणाशिवाय काही लावणं हा तिच्या मते चारित्र्याचा दोष होता. वहिनीच्या चित्रपटाचा विषय निघाला की ती एकच वाक्य बोलायची, ‘मला नाही बाई असल्या गोष्टींना वेळ.’

‘ताई, तुम्ही फक्त डोळे मिटून पडायचं. बोलायचं नाही. बोललात तर लेपाला तडा जातो आणि माझे मार्क जातात.’

‘चेहरा धुवायला परीक्षा,’ नणंद म्हणाली. ‘चल. चप्पल घालते.’

परीक्षेच्या खोलीत सहा खाटा होत्या. परीक्षक बाई हातात कागद लावलेली पाटी घेऊन हळूहळू फिरत होत्या. हिरॉईनने हात धुतले, नणंदेच्या केसांना पट्टी बांधली, मानेखाली टॉवेल सरकवला आणि त्याच क्षणी परीक्षक बाई तिच्याकडे वळल्या. हात गेला. पाटीवर एक रेघ पडली. तिने पुन्हा हात धुतले, मलई बोटाने न काढता चमच्याने काढली, मालिश सुरू केलं. बाई पुन्हा जवळ आल्या, हात पुन्हा गेला. दुसरी रेघ. आता तिच्या पाचावर धारण बसली.

तिसऱ्यांदा हात धुऊन ती परतली आणि तिने ठरवलं, आता फक्त खाली बघायचं. खाली नणंदेचा चेहरा होता. इतक्या जवळून तिने तो कधी पाहिलाच नव्हता. भुवयांच्या मध्ये दोन खोल आठ्या, चष्म्याने नाकावर पाडलेले खड्डे, आणि इतकी कोरडी त्वचा की मलई लावताक्षणी जिरत होती. वर्षानुवर्षं या तोंडाकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं, खुद्द नणंदेनेही नाही. हिरॉईनला एकदम तिची दया आली, आणि थोडी स्वतःची लाजही वाटली. मग तिने जीव ओतून मालिश केलं आणि लेपही सुरेख, एकसारखा लावला.

लेप वाळत आला तेव्हा परीक्षक बाई येऊन उभ्या राहिल्या आणि निरखून पाहायला लागल्या. लेपाकडे नव्हे, हिच्याकडे.

‘तुम्हाला कुठंतरी पाहिलंय. तुम्ही सिनेमात होता का हो?’

झालं. पंचवीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो नेमका आज आला. मान ताठ झाली. हसू आलं. हात उठला, खांद्यापर्यंत पोहोचला.

‘होतीच ती,’ लेपाखालून आवाज आला. ‘दार उघडून साहेब घरी नाहीत म्हणते. अकरा वेळा पाहिलाय मी.’

लेपाला नाकापासून हनुवटीपर्यंत तडा गेला. हिरॉईनने तो पाहिला, आणि वर निघालेला हात तिथूनच खाली वळला. ओला स्पंज घेऊन ती तडा बुजवायला लागली. बाई अजून तिथेच होत्या, पाहत होत्या, लिहीत होत्या. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

निकाल तासाभरात लागला. तडा गेल्याबद्दल दोन मार्क कापलेले. पास व्हायला साठ लागत होते, हिला एकसष्ट मिळाले.

‘पास झाले, ताई,’ ती व्हरांड्यात येऊन म्हणाली. मग न राहवून विचारलं, ‘अकरा वेळा?’

‘टीव्हीवर लागतो सारखा. उठून बदलायचा कंटाळा.’ नणंदेने कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि बेरीज तपासली. ‘हे दोन कशाचे कापले?’

‘तुम्ही बोललात ना, त्याचे.’

‘मी बोलले तर तुझे कसे कापतात?’

‘असू दे हो. पास झालेय ना मी.’

पण नणंद तोवर खोलीत शिरली होती. परीक्षक बाई पर्स आवरत होत्या. नणंदेने कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि वर्गात बोलायची त्या आवाजात म्हणाली, ‘बाई, चूक माझ्या तोंडाची आहे, तिच्या हाताची नाही. आमची आई गेल्यापासून माझ्या तोंडावरून असा हात कुणी फिरवला नव्हता. त्रेसष्ट होतात. नीट लिहा.’

हिरॉईन दारातच थांबली. तिला रडू फुटलं आणि ती तिथल्या बाकावर बसून मनसोक्त रडली. आत मार्कांवरून वाद चांगलाच रंगला होता.