सैंयाच्या जागी श्याम

वाघोलीच्या त्या फ्लॅटमध्ये सकाळपासून झोपाळ्याला मोगऱ्याच्या माळा बांधणं चाललं होतं. सृष्टीचं डोहाळजेवण आजोळी होतं. तिची मामी निशा स्वयंपाकघरात नारळीभात करत होती. सृष्टी ठुमरी शिकली ती मामीकडेच, आणि मामीने आज गायलंच पाहिजे, एवढा एकच डोहाळा पोरीने बोलून दाखवला होता.

निशाच्या सासूबाई, विमलाबाई, आत आल्या.

"गा की. पण आतल्या खोलीत बसून. माइक ठेवलाय, बाहेर स्पीकर आहे. ओटी भरताना तू समोर नको."

निशाने मान डोलावली. नवरा, दत्तप्रसाद, गेल्यापासून असं आत राहणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"आणि ते सैंया-बालम नको हं. नवरा नाही, मग सैंया कोणाला म्हणते, असं विचारतील बायका. श्याम म्हण."

"आई, ठुमरीत तो शब्दच तर..."

"चालीत बसतो ना? मग झालं."

बसत होता, हीच अडचण होती. 'सैंया, देहरी पे दिया धर आई', उंबरठ्यावर दिवा ठेवून आले, ही ओळ निशा लग्नाआधीपासून गात आली होती. त्या एका हाकेत कधी रुसवा, कधी लाडीगोडी, कधी नुसतंच वाट पाहणं. दत्तप्रसाद गेल्यावर त्याला हाक मारायची तिची तेवढीच एक जागा उरली होती.

दार लोटून ती गायली. श्याम म्हणाली. बाहेर टाळ्या पडल्या. "किती भक्तिभावानं गातात," कोणीतरी म्हणालं.

हिरव्या साडीतली सृष्टी दारात आली. "मामी, शब्द का बदललात?"

"अगं, ओटी खोळंबलीय," मागून विमलाबाई म्हणाल्या. आयटीत टीम सांभाळणारी सृष्टी खाली मान घालून झोपाळ्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना निशाने तानपुरा लावला आणि डोळे मिटून ओळ उचलली. तोंडातून श्याम आलं. ती थांबली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा श्यामच.

या घरात तिला कोणी उपाशी ठेवलं नव्हतं, कोणी घालूनपाडून बोललं नव्हतं. सगळे शिकलेले, सगळे प्रेमळ. नवऱ्याला हाक मारायचा एक शब्द तेवढा त्यांनी काढून घेतला, तोही गोड बोलून. आपल्या घरात आपण कोणाकोणाकडून असं काय काय काढून घेतलं आहे, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं.

निशाने तिसऱ्यांदा म्हणून पाहिलं नाही.