मास्तरांच्या बोटाखालचं पान

“‘त्रिकोणाच्या दोन बाजू समान असतील तर राजाने राजधानी नदीपलीकडे हलवली.’” मास्तरांनी पानावरून बोट उचललं. “आता तूच सांग पोरी, ही भूमिती की इतिहास?”

तिला हसू आलं, पण ओठांतच राहिलं. ब्रेल छापणारी यंत्रं बनवणाऱ्या त्या कंपनीत ती ड्रायव्हर लिहायची, म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्यामध्ये बसून इकडचा निरोप तिकडे पोचवणारा प्रोग्राम. मास्तर जन्मापासून अंध. शाळेतून निवृत्त झाल्यावर इथं छापलेली पानं वाचून तपासायचे. शाळांची तक्रार आली होती की दोन शिक्षकांनी एकदम छपाईला पाठवलं तर कधीकधी एकाची ओळ दुसऱ्याच्या पानात घुसते. त्या ‘कधीकधी’नं तिचं डोकं उठवलं होतं.

काय होत असावं याचा अंदाज तिला होता. दोन्ही कामं आपापल्या ओळी एकाच तात्पुरत्या जागेत ठेवतात. पहिलं काम मोकळा कप्पा बघतं, त्यात ओळ ठेवणार एवढ्यात दुसरं येतं आणि त्यालाही तोच कप्पा मोकळा दिसतो. पुढं कोण कुणाच्या डोक्यावर बसेल याचा नेम नाही. नेमकं कुठं घडतंय ते पकडायला तिनं कोडमध्ये जागोजागी नोंदी लिहून घ्यायची सोय केली आणि भूमितीचा व इतिहासाचा असे दोन्ही पेपर पुन्हा एकदम छपाईला सोडले.

मास्तरांनी पान वाचलं. बरोबर. दुसरं वाचलं. तेही बरोबर. दिवसभर भूमिती भूमितीत राहिली आणि राजा जिथल्या तिथं.

“सकाळी मीच चुकीचं वाचलं का गं?” मास्तर उजव्या हाताची तर्जनी अंगठ्यावर घासत होते. “साखर वाढल्यापासून बोटांना मुंग्या येतात. इथं कुणाला बोललो नाही.”

“छे हो, मास्तर,” ती म्हणाली. पण म्हणताना तिची तिलाच खात्री नव्हती. सकाळची पानं रद्दीत जाऊन त्यांचा भुगा झाला होता. ब्रेलची अक्षरं तिला तक्ता बघून, डोळ्यांनी, एकेक करून ओळखता यायची, आणि सकाळी तिनं तेवढीही तसदी घेतली नव्हती. बोट चुकलं असेल तर कोड निर्दोष, शाळांची तक्रारही अशीच कुणाची तरी चूक, असा एक विचार येऊन गेला. त्यानं बरं वाटलं आणि लगेच कसंतरीच झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं नोंदी काढून टाकल्या. तिसऱ्याच पानात राजा परत त्रिकोणात. या वेळी तिनं पान खिडकीशी नेलं, तक्ता शेजारी धरला आणि ठिपके लावून पाहिले. ओळ खरोखरच घुसली होती.

“तुमचं बोट शाबूत आहे, मास्तर!”

मास्तर इतक्या मोठ्यानं हसले की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. तिचा गोंधळ मात्र वाढला. ती टीममधल्या जुन्या प्रोग्रामरकडे गेली. दर वाक्याला ‘सबुरीनं घे’ म्हणायचा म्हणून त्याला सगळे सबुरी म्हणत.

“मी बघायला लागले की चूक गायब, आणि पाठ फिरवली की हजर. हा काय चावटपणा?”

“नोंद लिहायला वेळ लागतो,” सबुरी म्हणाला. “तेवढ्यात दोन्ही कामांची चुकामूक होते, टक्कर होतच नाही. लॉक घाल. पण सबुरीनं.”

लॉक म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडायची सोय. घाईनं तिनं स्पिनलॉक घातलं. त्यात ज्याला आत जाता येत नाही तो जागच्या जागी घिरट्या घालत ‘झालं का, झालं का’ विचारत राहतो आणि प्रोसेसर अडवून बसतो. छपाई सुरू केली आणि अख्खा संगणक थिजला. माउससुद्धा हलेना. कारण शोधायला तिची दुपार गेली. आत गेलेलं काम कागद सरकायची वाट बघत झोपलं होतं. बाहेरचं घिरट्या घालत होतं, त्यामुळे झोपलेल्याला उठायला प्रोसेसर मोकळा नव्हता.

मग तिनं म्युटेक्स घातलं. त्यात वाट बघणारासुद्धा झोपतो आणि पाळी आली की उठतो. सरमिसळ थांबली. ती खूश होणार तोच मास्तर म्हणाले, “यात एक ओळ खाल्लीय.”

तिनं खिडकीशी जाऊन पाहिलं. खाल्लेली होती.

आता हे कुणी केलं? ओळ छापून झाली की यंत्र ‘झालं’ असा इशारा देतं. तो इशारा हातातलं काम मध्येच थांबवून घुसतो आणि उरलेल्या ओळींच्या आकड्यातून एक वजा करतो. त्याच क्षणी नवी ओळ आली म्हणून त्याच आकड्यात एक मिळवला जात असेल तर हिशेब बिघडतो आणि एक ओळ छापायची राहून जाते. तिनं इशाऱ्यालाही म्युटेक्स घ्यायला लावलं, तर पडदाभर चुकीच्या सूचनांचा पाऊस पडला.

“अगं, त्या इशाऱ्याला झोपायची परवानगीच नाही,” सबुरी म्हणाला. “लॉक निवडताना आधी बघ, आतला झोपू शकतो का, आणि बाहेरचा झोपू शकतो का.”

“एक झोपला की बिघडतं, दुसरा झोपला नाही की बिघडतं. मी कुणाकुणाला अंगाई म्हणू?”

घरी जेवताना तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पोहायला शिकवायचा. त्यानं मन लावून ऐकलं, समजल्यासारखी मान हलवली आणि विचारलं, “मास्तरांनी डॉक्टरला बोटं दाखवली का?”

तिनं हे विचारलंच नव्हतं.

सकाळी तिनं कोड पुन्हा पहिल्यापासून वाचला. एकच लॉक सगळीकडे पुरवायचा हट्ट आपण का धरलाय, हे तिला कळेना. अख्खा पेपर एकाच्याच हाती राहावा म्हणून म्युटेक्स राहू दिलं. ओळींच्या त्या आकड्यापुरतं स्पिनलॉक घातलं, आणि ते हातात असेतो यंत्राचा इशारा बाहेर थोपवला. त्या इवल्या जागेत झोपण्यासारखं काही नाही, हे दोनदा तपासलं. सबुरीनंही डोळ्यांखालून घातलं. “ठीक दिसतंय,” तो म्हणाला. ठीक आहे असं म्हणाला नाही.

पानांमागून पानं निघाली. मास्तर वाचत गेले. काही घुसलं नाही, काही गळलं नाही. मग एका ओळीवर ते अडले. “इथं ‘हस्ता’ छापलंय. ‘रस्ता’ हवं ना?”

ब्रेलमध्ये ‘र’ आणि ‘ह’ यांत एकाच ठिपक्याचा फरक. ठिपका उठवणारी यंत्रातली सुई उठली नाही? की आकडा पुन्हा हुकला? ती पान घेऊन खिडकीशी गेली, तिरपं धरलं. ठिपका होता. चांगला टपोरा. तिनं स्वतःचं बोट फिरवून पाहिलं, तर तिलाही लागला.

पान सदोष निघालं असतं तर बरं झालं असतं, असं वाटायची वेळ तिच्यावर आली होती.

“ठिपका आहे ना?” मास्तरांनी मागून विचारलं.

“आहे.”

“अस्सं.” त्यांनी तर्जनी पुन्हा अंगठ्यावर घासली. “म्हणजे त्या दिवशी तुझं यंत्र चुकत होतं आणि आज मी. की दोघंही दोन्ही वेळा?”

“ते मलाही नाही सांगता येत, मास्तर. तुमच्या बोटांचं डॉक्टरला विचारू या. मी येते बरोबर.”

“येशील. आधी हे संपवू.” त्यांनी पान पुढ्यात ओढलं, डावा हात पुढं केला आणि ओळ पहिल्यापासून, लहान मुलासारखी एकेक अक्षर लावत, वाचायला घेतली. ती शेजारी खुर्ची ओढून बसली आणि तक्ता मांडीवर घेऊन तेच पान डोळ्यांनी वाचू लागली. बराच वेळ दोघांपैकी कोण आधी अडखळेल ते कळत नव्हतं.