चौदा पेरण्या

सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी पडद्यावर एक बाई बाजरीच्या वावरात उभी राहिली, काहीतरी बोलली आणि खाली मराठी ओळीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटला. एकही शब्द लागत नव्हता. दुसरी ओळ तशीच. तिसऱ्या ओळीला मागच्या रांगेतून शिट्टी आली.

बेबीनंदानं ती अक्षरं पाहिली. काय झालंय ते हॉलमध्ये फक्त तिलाच कळलं होतं. तहसील कचेरीबाहेरच्या टपरीत बावीस वर्षं ज्या जुन्या फॉन्टात तिनं लोकांचे अर्ज टाइप केले, त्याच फॉन्टात तिनं सिनेमाच्या ओळीही टाइप केल्या होत्या. तिच्या संगणकावर त्या स्वच्छ दिसत. चाचणी तिथंच झाली होती. इथल्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता.

"थांबवा, मॅडम," तिनं लॅपटॉपवर बसलेल्या राजनंदिनीला सांगितलं. "चूक माझी हाय."

दिवे लागले. मस्तगड भागातल्या त्या हॉलमध्ये साठ-पासष्ट माणसं होती. कॉलेजची पोरं, दोन-तीन निवृत्त शिक्षक आणि धावडा गावाहून जीप करून आलेल्या बचत गटाच्या बाया. आफ्रिकेतले, कुठल्या मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय काढलेले सात सिनेमे तीन दिवस दाखवायचे, असा हा महोत्सव. जालन्यात पहिलाच. तो सुरू करणारा जिनेंद्र बियाण्याचं दुकान सांभाळून फिल्म सोसायटी चालवत होता. मघाशी माइकवर त्यानं सांगितलं होतं, "सिनेमा बुर्किना फासो देशाचा आहे, भाषा मोरे." त्यावर कोणीतरी ओरडलं होतं, "मंग आष्टीच्या मोऱ्यांनाच बोलवायचं की!" सगळा हॉल हसला होता. आता कोणी हसत नव्हतं.

पहिल्या रांगेतून राधेश्यामजी उठले. हॉल त्यांच्या ट्रस्टचा. आज एका शोपुरता त्यांनी तो दिला होता. पुढचे दोन दिवस पहिला शो बराबर झाला तरच, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलेलं होतं.

"जिनेंद्र, ये क्या है बेटा? पैल्या शोला ही गत?"

"काकाजी, दहा मिनिटं द्या. फॉन्टचा लोचा आहे."

"साडेअकरापर्यंत चालू झालं तर झालं. न्हाई तर लोकांना घरी जाऊ दे. मंग उद्याचं बिलकुल बोलायचं न्हाई."

राजनंदिनीनं नेट लावून पाहिलं, पण हॉलमध्ये ते धड लागेना. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची. प्रत्येक संवादाचा अर्थ तिनंच बेबीनंदाला तोंडी सांगितला होता. "नेटशिवाय फाइल बदलायला तास जाईल, ताई," ती हळूच म्हणाली. "टपरीवरून तुमचा संगणक आणायचा तरी..."

"येऊस्तोवर साडेअकरा होतेत." बेबीनंदानं पिशवीतून छापील कागदांचा गठ्ठा काढला. दोन महिन्यांचं काम. शेवटच्या पानावर राजनंदिनीनं हट्टानं घालायला लावलेली ओळ होती : मराठी रूपांतर, बेबीनंदा. आजवर तिनं टाइप केलेल्या हजारो कागदांखाली सही दुसऱ्याचीच असे. "मी वाचते."

"माइकवर? चालू सिनेमात?" जिनेंद्र बघतच राहिला. "तुम्हाला ती भाषा येते का?"

"येत न्हाई. पण कोण कुठं बोलतं ते मला पाठ झालंय."

अकरा सत्तावीसला सिनेमा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. बेबीनंदा पडद्याच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभी होती. एका हातात माइक, दुसऱ्यात कागद. बाजूला राजनंदिनी मोबाइलची बॅटरी धरून. बकरी ओरडली की दीर बोलतो. मुसळ थांबलं की सासू. हे तिनं वीस-बावीस वेळा ऐकलेलं होतं. तरी पहिली दहा मिनिटं ती घाईघाईनं वाचत होती. एकदा ती ओळ चुकली आणि दिराची धमकी विधवेच्या तोंडी गेली. पोरं खिदळली. तिनं घाम पुसला आणि बोट कागदावर घट्ट दाबून पुढं वाचू लागली.

गोष्ट साधी होती. वावरातली ती बाई आवा, तिचा नवरा मेलेला. दिरानं बाजरीचं वावर ताब्यात घेतलेलं. बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास आवा चालत साहेबाच्या कचेरीत पोचली, फरशीवर बसली आणि बोलू लागली.

बेबीनंदानं वाचलं, "अर्जदार ही मयताची विधवा पत्नी असून सदर मिळकतीवर अर्जदाराचा कायदेशीर हक्क आहे, सबब..."

"आलं तहसील!" मागून आवाज आला आणि सगळा हॉल फुटला. बचत गटाच्या बायाही पदर तोंडाला लावून हसल्या. राधेश्यामजींनी मान वळवून मागं पाहिलं, मग जिनेंद्रकडं.

पडद्यावर आवा बोलतच होती. हात पुढं केलेले, तळवे वर. या जागी राजनंदिनीनं तिला खरं काय सांगितलं होतं ते बेबीनंदाला शब्दाशब्दानिशी आठवलं. तेव्हा तिला ते अर्जात शोभणारं वाटलं नव्हतं. तिनं ते दुरुस्त केलं होतं, रोज टपरीवर येणाऱ्या बायांचं करत होती तसंच.

तिनं कागद खाली सोडला. राजनंदिनी वाकून उचलायला गेली, तर तिनं नुसती मान हलवली आणि पडद्याकडं तोंड केलं.

"साहेब, म्या ह्या वावरात चौदा पेरण्या केल्या. नवरा मेला माझा. माझे हात न्हाई मेले."

हसू कुठंतरी मधेच तुटलं.

"दीर म्हणतो, तुझं काय हाय इथं. मी म्हणते, इथली ढेकळं कोणी फोडली ते ढेकळांनाच इचारा. मी इथंच बसून राह्यले. तुम्ही कागदावर ल्ह्या, न्हाई तर नका ल्ह्यू."

"बराबर," धावड्याच्या बायांतली गोजरबाई मोठ्यानं म्हणाली. तिला कोणी गप्प केलं नाही.

त्यानंतर बेबीनंदानं कागद पाहिलाच नाही. बारा एकावन्नला पडदा काळा झाला. टाळ्या जरा उशिरानं आल्या, त्याही आधी मागच्या रांगेतून. शेवटचं पान फरशीवर पडलेलं होतं. त्यावरची ओळ वाचायची राहून गेली.

राधेश्यामजी थेट तिच्याजवळ आले. "शेवटी तो साहेब कागद घेतो अन् ठेवून देतो. फैसला काय झाला?"

"न्हाई सांगितलेला, शेठजी. सिनेमा तिथंच संपतो."

"असं कसं? अर्ज दिला तर फैसला पाहिजे ना." ते खरोखरच चिडले होते. "तुम्ही तुमच्या मनानं तर न्हाई कापलं?"

"वावराच्या बोलण्यापासून पुढं कागद सोडून म्हणले. कापलं काहीच न्हाई."

ते जिनेंद्रकडं वळले. म्हणाले, "ट्रस्टवाल्यांशी बोलतो. पाच वाजता फोन करतो." आणि चप्पल घालून निघून गेले.

"ताई, आपण जिंकलो का हारलो?" जिनेंद्रनं विचारलं.

"मला काय ठाव. घसा बसला माझा."

उद्या सकाळचा सिनेमा घाना देशाचा, नऊशे चाळीस ओळींचा. त्याही ओळी तिनं अर्जाच्याच भाषेत टाइप केल्या होत्या. राजनंदिनी म्हणाली, फॉन्ट बदलायची सोय नेटवर मिळते, नेट असलं की दहा मिनिटांचं काम आहे. बेबीनंदा म्हणाली, "फॉन्ट बदलंल हो. बोलणं कोण बदलंल?" रविवार असल्यानं तहसील बंद होती. तिनं टपरीचं अर्धं शटर वर केलं, राजनंदिनीला स्टुलावर बसवलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा विचारायला लागली : ही खरं काय म्हणते?

पाच वाजले तेव्हा त्या एकशे सव्विसाव्या ओळीवर होत्या. पाच वीसला जिनेंद्र येऊन दारात उभा राहिला, हातात फोन. राधेश्यामजींचा आलेला नव्हता.

"केला तर लागून राह्यला का त्यांचा?" बेबीनंदानं न वळता विचारलं.

"लागतोय. उचलत न्हाईत."

"बरं. मॅडम, पुढची ओळ सांगा."

पाच पन्नासला त्या एकशे एकाहत्तराव्या ओळीवर होत्या.