आईचं लाल पेन

आई शाळेत शिकवायची. तिच्या वर्गात फिट येणारी एक मुलगी होती. तिच्यासाठी आईची आणि डॉक्टरांची एक वही होती. वर्गात दिसलेलं आई लिहायची, औषधाचं डॉक्टर. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आई लाल शाईत ‘पुन्हा लिहा’ असा शेरा मारून वही परत धाडायची.

आई गेली तेव्हा वही घरीच होती. ‘नव्या गोळीने ती वर्गात पेंगते का?’ या प्रश्नाखाली पान कोरं होतं. मी वही दवाखान्यात नेऊन दिली.

“आता नव्या बाई लिहितील,” डॉक्टर म्हणाले. “पण त्या कुठल्या माझ्या अक्षराला नावं ठेवायला हो.”

मी आईचं पेन पुढे केलं. “हे द्या त्यांना.”

त्यांनी पेन धरलं. मला ते सोडवेना.