नव्व्याण्णवची बोट

"आता मी जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकजणही मानणार नाही," असं म्हणून ढुंढिराज गायधन्यांनी हातातला नारळ ट्रॉलीच्या चाकावर टेकवला, आणि मालिनीबाईंच्या मनात आलं की आज तो नारळ नवऱ्याच्याच टाळक्यात घालावा.

दोन हजार पाचचा मे होता. गंगापूर धरणाचं पाणी इतकं मागं हटलं होतं की जिथं पावसाळ्यात माणूस बुडावा तिथं कुणी गाळपेर करून टरबुजं लावली होती. टरबुजांच्या वेलांपलीकडं, पाण्याच्या कडेला सहादूचा ट्रॅक्टर उभा होता. ट्रॅक्टरमागं ट्रॉली आणि ट्रॉलीवर बोट. पांढरी, निळ्या पट्ट्याची, पाच माणसांची, मागं इंजिन टांगलेली. सगळं ठरल्याप्रमाणं होतं. फक्त साल चुकलं होतं.

मालिनीबाईंनी २००३ सालची सांगितली होती. समोर १९९९ ची उभी होती.

हे त्यांना लांबूनच कळलं. शुक्रवारी त्या आणि ढुंढिराज सहादूकडं दोन्ही बोटी बघून आले होते. सहादू हा धरणाकाठचा माणूस. कुठलं तरी रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा त्यानं तिथल्या दोन बोटी उचलून आणल्या. कंपनी एक, मॉडेल एक, रंगसुद्धा एक. दोघी शेजारी शेजारी ठेवल्या की जावा वाटायच्या. पण मालिनीबाईंनी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. त्यांनी आधी बोटींच्या मागच्या भिंतीवर कोरलेला नंबर पुसून वाचला. शेवटचे दोन आकडे म्हणजे साल. एकीवर ९९, दुसरीवर ०३. मग पर्समधून घराची किल्ली काढली आणि जिच्यावर इंजिन टांगतात त्या भिंतीवर ठोकून पाहिली. ०३ खणखणली. ९९ नं नासक्या नारळासारखा आवाज दिला.

"हिच्या आत लाकूड आहे," त्या म्हणाल्या. "कंपनीनं नंतर बदललं. लाकूड कुजलं की एक दिवस इंजिन भिंतीसकट पाण्यात जायचं."

"कुजतंय कशाला बाई," सहादू म्हणाला. "जुनी बॉडी जाड हाय. नव्या बोटी म्हंजी पापड."

मालिनीबाईंनी वाकून ९९ च्या बुडाशी असलेलं पितळी बूच फिरवून काढलं. साचलेलं पाणी काढायला ते असतं. त्या भोकातून चहाच्या रंगाचं पाणी आलं, आणि त्याला भिजलेल्या प्लायवूडचा वास होता. सहादूनं तोंड फिरवलं. मालिनीबाई इतक्या चिडल्या होत्या की बूच परत बसवायचं राहिलं आणि ते किल्लीबरोबर पर्समध्ये गेलं. घरी आल्यावर त्यांनी ते सुनेच्या हातात दिलं. "हे बघ. हे नसेल तर बोट काठावरच भरते. सहादूला परत द्यायला हवं. बोट मात्र आपण दुसरी घेतोय, पक्की," म्हणत त्यांनी ते परत पर्समध्ये टाकलं.

सून म्हणजे स्वरदा, येवल्याची. तिच्या माहेरी पाणी विहिरीत असायचं आणि ते वरून वाकून बघायचं असायचं. नदीला ती भ्यायची, धरणाला तर फारच. मालिनीबाई पोरवयात गोदावरीत पोहलेल्या. घरच्यांनी रविवारी पाण्यावर जावं, डबे उघडावेत, कुणी कुणाला टीव्हीचा आवाज कमी कर म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं. स्वरदा म्हणाली होती, "आई, तुम्ही बघून आणाल त्या बोटीत मी बसेन. बाकी कुणाच्या सांगण्यावरून नाही." मालिनीबाईंनी तिला शब्द दिला होता.

या घरातल्या कुणाचा तरी शब्द पाळला जावा, अशी वेळ आलीच होती. गौरांगचं आणि स्वरदाचं लग्न खरं तर २००३ च्या डिसेंबरात ठरलेलं. येवल्याला पैठणी मागावर चढली होती. पण त्या वर्षी सिंहस्थ. ढुंढिराज पंचवटीतल्या उपाध्यांच्या घरातले. गुरू सिंहेत असताना लग्न, मुंज, वास्तुशांत यातलं काही करायचं नाही म्हणजे नाही. लग्न वर्षभर पुढं गेलं, आणि त्या वर्षात स्वरदाची आजी गेली. नातीच्या अंगावर ती पैठणी बघायची एवढीच तिची इच्छा होती. स्वरदा कधी काही बोलली नाही. मालिनीबाई त्या वेळी गप्प बसल्या होत्या, आणि आपल्या गप्प बसण्याचा राग हा दुसऱ्यावरच्या रागापेक्षा जास्त दिवस टिकतो.

म्हणून शुक्रवारी परतताना ढुंढिराज गाडीत पुटपुटले, "तीन सालची म्हणजे सिंहस्थात जन्मलेली ना गं ती," तेव्हा त्या फाडकन म्हणाल्या, "बोट आहे ती. तिची मुंज करायची आहे का तुम्हाला?"

"मी आपलं म्हटलं."

"म्हणू नका. उद्या जाऊन ०३ ठरवून या. ०३. पाठ म्हणून दाखवा."

ढुंढिराजांनी पाठ म्हणून दाखवलं. शनिवारी एकटेच गेले. आणि आता रविवारी, सून, मुलगा, डबे आणि नारळ काठावर हजर असताना, ट्रॉलीवर नव्व्याण्णव.

"अहो," मालिनीबाई म्हणाल्या. आवाज इतका खाली होता की गौरांगनं डबे आपल्याकडं ओढून घेतले. "ही कुठली?"

"तेच सांगतोय," ढुंढिराज म्हणाले. "काल मी ०३ च ठरवली. अगदी तुझ्या शब्दाबाहेर नाही. म्हटलं, घ्यायच्या आधी एक चक्कर मारू. सहादू काठावर, मी एकटा बोटीत."

"तुम्हाला स्कूटर रिव्हर्स घेता येत नाही, बाबा," गौरांग म्हणाला.

"स्कूटरला रिव्हर्स नसतो. ऐक. ०३ चं इंजिन म्हणजे काय सांगू, शांत. इतकं शांत की चालू आहे का बंद हे हात लावून बघावं लागतं. तुझी आई म्हणत होती तोच तिचा गुण. पण मधोमध गेलो आणि कळलं, तोच तिचा दोष. पाण्यातल्या माशांना चाहूलच लागत नाही. बेसावध असतात बिचारे. आणि खाली होता कटला. पांढऱ्या मिशांचा. धरण बांधलं तेव्हापासूनचा."

"कटल्याला मिशा?" मालिनीबाई म्हणाल्या.

"वयानं आल्या. त्याचा एक खवला म्हणजे आपलं जेवायचं ताट. झोपला होता. ह्या मुक्या बोटीचा पंखा त्याच्या पाठीला लागला, आणि तो जो उठला. पंखा दातात धरला आणि निघाला त्र्यंबकच्या दिशेनं. मी उलटा. बोट मागं पळतेय, मी पुढं बघतोय, काठ लहान होतोय. गायत्री म्हटली, रामरक्षा अर्धी झाली."

सहादू ट्रॅक्टरच्या टायरमधली माती काडीनं उकरत होता. "व्हय," तो टायरला म्हणाला. "लय मोठा मासा हुता."

तीस वर्षं मालिनीबाईंनी हे ऐकलं होतं. भाजी विसरले की मंडईत सांड घुसलेला असायचा. सासरे आजारी असताना उशिरा आले तेव्हा व्हिक्टोरिया पुलावर म्हणे बिबट्या बसला होता. लोक हसायचे, त्याही हसायच्या. पण आज तीच थाप कुजक्या लाकडावर पांघरूण घालत होती, आणि त्या लाकडावर त्यांची सून बसणार होती.

"मग?" स्वरदानं विचारलं. तिची नजर सासऱ्यांवरच होती.

"मग काय, ही आली." ढुंढिराजांनी नव्व्याण्णवच्या पोटावर प्रेमानं हात फिरवला. "सहादूनं हिला पाण्यात ढकललं, उडी मारली, दोरी ओढली, आणि ही जी केकाटली. जुनं इंजिन, सूनबाई. पार त्र्यंबकपर्यंत ऐकू जावं. मासे पाणी सोडून टरबुजांत उड्या मारायला लागले. कटल्यानं पंखा सोडला, कानावर पर घेतले आणि गेला तळाला. हिनं मला दोरीनं बांधून ह्याच जागी आणून सोडलं. ०३ चा पंखा चावून चोथा झालाय. आता सांग, जिनं जीव वाचवला तिला टाकून दुसरी घेऊ? साल काय बघता, गुण बघा. चल सूनबाई, तू पहिली बस. घरची लक्ष्मी आधी."

सहादूनं ट्रॉली पाण्याकडं लोटायला हात लावला. गौरांगनं बायकोकडं पाहिलं, मग आईकडं.

मालिनीबाईंनी तोंड उघडलं असतं तर शब्द कटल्यावर थांबला नसता. पैठणी आली असती, आजी आली असती, सिंहस्थ आला असता, आणि सहादूसमोर सगळं घर धुतलं गेलं असतं. त्या ट्रॉलीला वळसा घालून मागं गेल्या. बोटीच्या बुडाशी गोल काळं भोक त्यांच्याकडं बघत होतं. त्यांनी पर्स उघडली, आत हात घातला, आणि जे हाताला लागलं ते स्वरदाच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली.

स्वरदानं मूठ उघडून पाहिलं. मग वाकून बोटीच्या बुडाकडं पाहिलं. मग सरळ उभी राहून सासऱ्यांकडं पाहिलं. लग्न पुढं गेलं तेव्हा न बोललेली मुलगी ती. पण आवाज अगदी स्वच्छ निघाला, काठावरच्या टरबूजवाल्यांनीही मान वर केली.

"बाबा, ह्या बोटीचं बूच शुक्रवारपासून आईंच्या पर्समध्ये आहे. बुडाला भोक घेऊन ही काल तुम्हाला ओढायला पाण्यात उतरली कशी?"