कुणाची आजी, ते विचारू दे

ऑस्ट्रेलियाची सहाशे किलोमीटर लाल धूळ खाल्ल्यावर टरीनाची जुनी टोयोटा पाणवठ्यापाशी एकदाची थांबली. डल्सी म्हातारी उतरली आणि पाण्याकडे तोंड करून तिथल्या पूर्वजांना आपल्या भाषेत ओरडून म्हणाली, "मी डल्सी आलेय! सोबत नात आहे. तुम्ही तिला ओळखत नाही, सांभाळून घ्या." मग तिने ओंजळभर पाणी नातीच्या डोक्यावर ओतलं. ॲडलेड शहरात वाढलेली टरीना ओशाळून इकडेतिकडे बघत राहिली, कारण कौन्सिलचा ग्लेन हॉवर्थ समोरच पाटीजवळ उभा होता.

ती पाटी! वाचली की टाळकंच फिरावं. कुणा गोऱ्या शूरवीराने शंभर वर्षांपूर्वी म्हणे हे पाणी शोधून काढलं, आणि 'स्थानिकांशी किरकोळ झटापट झाली'. ज्या आदिवासींची पोरं पिढ्यान्‌पिढ्या इथेच डुंबली, त्यांना जणू पाणी दिसलंच नव्हतं! आणि ती किरकोळ झटापट म्हणजे झोपलेल्या माणसांवर पोलिसांनी झाडलेल्या गोळ्या. डल्सीची आई तेव्हा सात वर्षांची, लव्हाळ्यात नाकापर्यंत बुडून राहिली म्हणून वाचली. मेलेले कोण कोण, ते तिने मोठेपणी लेकीला सांगून ठेवलं. आता ते जाणणारी डल्सी एकटीच उरली होती.

नवी पाटी सोमवारी छापायला जायची होती. मेलेल्यांची नावं मिळाली तर मजकूर बदलेल, नाहीतर जुनाच राहील, असं कौन्सिलच्या समितीने कळवलं होतं.

"तर डल्सी मावशी, नावं सांगा," ग्लेनने वही उघडली.

"गेलेल्यांची नावं आमच्यात तोंडाने घेत नाहीत."

"अहो, शंभर वर्षं झाली की!"

"तुला झाली असतील."

"नावं नसली तर समिती म्हणणार, पुरावा काय?"

टरीनाचा धीर सुटला. "आजी, सांगून टाक ना गं! एवढ्या लांब काय हात हलवत परत जायला आलो?"

म्हातारी गर्रकन वळली. "सगळं घेतलं ह्यांनी, पोरी. जमीन घेतली, पाणी घेतलं, माझ्या भावंडांना घरातून उचलून नेलं. नावं तेवढी आपल्याकडे राहिलीत. तीही ह्याच्या वहीत घालू?"

टरीनाला रडू फुटलं. आजीचं खरं होतं, आणि नावं दिली नाहीत तर हीच पाटी राहणार, हेही खरं होतं.

डल्सी मातीत फतकल मारून बसली. "लिही रे बाबा. नाव नको, नातं लिही. इथे माझ्या आईची आई मारली. लिहिलंस? तिच्या कडेवर माझा मामा होता, दातही न फुटलेला. माझ्या आईचा बाप. त्याचे दोघे भाऊ. माझी थोरली मावशी, पोटुशी होती."

ग्लेनचं पेन अडलं. "पण मावशी, पाटीवर 'माझी आजी' कसं लिहायचं? वाचणारा विचारेल ना, कुणाची?"

"विचारू दे की! तेच तर हवंय मला. विचारायला त्याला आमच्या दारात यावं लागेल. आम्ही काही मेलो नाही, पुढच्या वस्तीत चहा उकळत बसलोय."

"समिती नाही म्हणणार."

"समितीला म्हणावं, एवढी धूळ खात ये आणि माझ्या तोंडावर नाही म्हण!"

ग्लेनने वही मिटली. "मजकूर जुनाच जाईल मग. माझा इलाज नाही."

टरीनाने डोळे पुसले. ती काठाशी गेली, तिथली पांढरी माती मूठभर उकरून भिजवली आणि कुणाला न विचारता पाटीवर बोटाने मोठ्ठी अक्षरं काढली: इथे माझी खापरपणजी मारली. शूरवीराचं नाव त्याखाली पार झाकून गेलं.

"अहो बाई, हे सरकारी आहे! आणि एका पावसात धुऊन जाईल."

"जाऊ दे. मी पुन्हा येऊन लिहीन," टरीना म्हणाली. "रस्ता आता मला पाठ झालाय."